थेंब कुठून आला?

कौलारू घरात पावसाळा काढलेल्या कोणालाही हा अनुभव सांगता येईल. माजघरात टपटप पाणी पडू लागते. घरातले कोणीतरी शिडी लावून नेमके त्या जागेवरचे कौल बदलते. दुसऱ्या दिवशी पाऊस येतो आणि गळती जागच्या जागी! कारण फुटके कौल असते वर, आढ्यापाशी. तिथून आत शिरलेले पाणी वाशावरून ओघळत खाली येते आणि वाटेत एखादी गाठ किंवा खिळा भेटला की थेंब होऊन पडते. भोक एकीकडे, थेंब दुसरीकडे.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे कॅनडातील कॅलगरी शहरातून पत्र आले, तेव्हा मला या कौलांची आठवण झाली. त्याने लिहिले होते, "सर, प्रश्न गाडीचा आहे, पण मेकॅनिकांनी हात टेकले म्हणून तुम्हाला विचारतो." मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर. गाडीचे इंजिन उघडून पाहण्याचे धाडस मी कधी केलेले नाही. तरीही हा प्रश्न सुटला आणि तो सोडवायला आठवी ते दहावीच्या पुस्तकापलीकडचे फारसे काही लागले नाही. म्हणूनच ती हकिकत येथे सांगतो.

चाकांवरचे घर

विद्यार्थी मित्रांनो, कॅनडा, अमेरिका आणि युरोपात 'मोटरहोम' नावाची वाहने असतात. बसएवढ्या किंवा टेम्पोएवढ्या गाडीत झोपण्याची जागा, लहानसा ओटा, न्हाणीघर, सारे काही असते. माझ्या विद्यार्थ्याने अशीच एक जुनी गाडी विकत घेतली होती. कॅलगरीच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत सहज उतरतो. अशा ठिकाणी गाडीतली ऊब ही चैन नसून गरज असते.

ही ऊब देण्याची एक पद्धत म्हणजे 'हायड्रॉनिक' तापन, अर्थात गरम द्रवाच्या अभिसरणाने घर उबदार ठेवणे. डिझेलवर किंवा गॅसवर चालणारी एक लहान भट्टी द्रव ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवते. पंप तो द्रव नळ्यांतून गाडीभर फिरवतो. जागोजागी बसवलेल्या रेडिएटरांत द्रव आपली उष्णता हवेला देतो आणि थंड होऊन भट्टीकडे परततो. वाटेत एका उष्णता-विनिमयकात तो न्हाणीघराचे पाणीही तापवतो. दोन्ही द्रव धातूच्या भिंतीच्या दोन बाजूंनी वाहतात. उष्णता पलीकडे जाते, द्रव जात नाही.

नुसते पाणी वापरले तर ते थंडीत गोठेल. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळ्या फुटतात. म्हणून पाण्यात साधारण निम्मे प्रॉपिलिन ग्लायकॉल मिसळतात. असे मिश्रण शून्याखाली ३३ अंशांच्या आसपास गोठू लागते. सर्वांत उंच जागी एक प्रसरण टाकी असते. द्रव तापून फुगला की जादा भाग या टाकीत चढतो आणि निवला की खाली उतरतो. काही गाड्यांत ही टाकी वातावरणाला खुली असते, काहींत तिला दाबाचे झाकण असते. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीतील टाकी खुली होती आणि साऱ्या यंत्रणेत सुमारे २० लिटर द्रव होता.

आता त्याची अडचण ऐका. बायको आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन तो रॉकी पर्वताच्या पायथ्याशी मुक्कामाला गेला. संध्याकाळी भट्टी सुरू केली. थोड्या वेळाने पंप घरघरू लागला, रेडिएटर थंडच राहिले आणि भट्टी आपोआप बंद झाली. टाकीत पाहिले तर द्रव तळाला गेलेला! पंपाने द्रवाऐवजी हवा ओढली होती. नळीत हवा अडकली, अभिसरण थांबले आणि सुरक्षेच्या स्विचने भट्टी बंद केली. बाहेर शून्याखाली १८ अंश. मुलीला सगळ्या रजया गुंडाळून त्यांना त्याच रात्री घरी परतावे लागले.

गॅरेजात गाडी दोनदा नेली. पहिल्यांदा पंप गळतो म्हणून तो बदलला. द्रव कमी होतच राहिला. दुसऱ्यांदा सांगण्यात आले की गळती कुठेच नाही. मग द्रव जातो कुठे?

पातळी उतरली म्हणजे गळतीच का?

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "पातळी पाहतोस केव्हा?" तो म्हणाला, "कधी सकाळी, कधी संध्याकाळी भट्टी चालू असताना."

इथेच पहिली चूक होती. २० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवले तर त्याचे आकारमान सुमारे २.७ टक्क्यांनी वाढते. ग्लायकॉलच्या निम्म्या मिश्रणाचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. २० लिटरचे ४ टक्के म्हणजे ०.८ लिटर, म्हणजे ८०० घनसेंटिमीटर. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल तर पातळी ८ सेंटिमीटरनी वर चढेल! नळ्याही किंचित फुगतात, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी चढेल, एवढेच. थंड असताना उतरलेली पातळी पाहून कोणी वरच्या खुणेपर्यंत द्रव भरला तर संध्याकाळी टाकी उतू जाईल आणि गाडीखाली थारोळे दिसेल. मग तो म्हणेल, "पाहा, गळती!" उलट, गळून गळून द्रव कमी झाला असला तरी तापलेल्या अवस्थेत पातळी ठीकच दिसेल.

म्हणून मी त्याला सांगितले की रोज सकाळी, भट्टी सुरू करण्यापूर्वी, टाकीला चिकटवलेल्या पट्टीवर पातळी वाच आणि शेजारी द्रवाचे तापमान लिही. अशा थंडीत तापमानात १ अंशाचा फरक पडला तर पातळीत सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढा हिशेबात धर.

गाडी आठवडाभर घरापुढे उभी होती, भट्टी बंद होती. तापमानाचा हिशेब करूनही पातळी रोज सुमारे अर्धा सेंटिमीटर उतरत होती. म्हणजे दिवसाला ५० मिलिलिटर. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर हे झाले १००० थेंब. चोवीस तास धरले तर मिनिटाला एक थेंबसुद्धा नाही! अशी गळती डोळ्यांना सहज दिसत नाही. पण तीन आठवड्यांत ती लिटरभर द्रव घालवते. गळती खरी होती.

दाबमापकाचा साक्षीपुरावा

आपल्याकडचा पंक्चरवाला काय करतो ते आठवा. ट्यूबमध्ये हवा भरतो, ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहतो. गॅरेजातही हेच तत्त्व वापरतात. टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप आणि दाबमापक लावतात, थोडा दाब देतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा जादा दाब द्रवातून सगळ्या सांध्यांवर सारखाच पोहोचतो.

पहिल्या गॅरेजात संध्याकाळी दाबमापक ०.५० बारवर ठेवला होता. सकाळी तो ०.४५ वर आला. यावरून गळती आहे असे ठरले आणि पंपाशी ओल दिसली म्हणून पंप बदलला गेला. पण रात्री गॅरेजातले तापमान २० अंशांवरून १० अंशांवर उतरले होते. आता गणित करू. दाबमापक वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. वातावरणाचा दाब १ बार धरला तर टाकीतल्या हवेचा एकूण दाब १.५ बार. निरपेक्ष तापमान २९३ वरून २८३ वर आले. आकारमान तेच राहिले तर नवा दाब होईल १.५ × २८३ ÷ २९३, म्हणजे १.४५ बार. त्यातून वातावरणाचा १ बार वजा केला की उरतात ०.४५!

एक थेंबही न गळता काटा इतका उतरू शकतो. शिवाय द्रव आकुंचन पावला की वरच्या हवेला जागा वाढते, म्हणून काटा खरे तर याहूनही खाली यायला हवा होता. पंपाजवळची ओल हे थंड धातूवर हवेतील बाष्पाचे जमलेले पाणी असू शकते. पाणी आणि ग्लायकॉल ओळखण्याची सोपी युक्ती आहे. कागदावर थेंब टिपून ठेवावा. पाणी सुकून जाते; ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १८८ अंश असल्याने ते लवकर उडत नाही आणि चिकट डाग मागे राहतो. चव घेऊन मात्र कधीही पाहू नये, कारण इंजिनाच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. जमिनीवर सांडलेले ते चाटून कुत्री-मांजरे मरतात.

दाबमापकाने खोटे सांगितले नव्हते. त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

थंडीत उघडणारी फट

दुसऱ्या गॅरेजाने तापमान कायम ठेवून, काळजीपूर्वक चाचणी घेतली. काटा हलला नाही. म्हणून त्यांनी "गळती नाही" असे सांगितले आणि त्या उबदार जागेत ते खरेच होते! इकडे माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत मात्र एक चमत्कारिक नोंद होती. दोन दिवस हवा उबदार होती, पारा शून्याच्या वर होता. त्या दोन दिवसांत पातळी जवळजवळ उतरलीच नाही.

म्हणजे गळती थंडीत उघडत होती आणि उबेत मिटत होती. हे कसे घडते?

अशा गाडीत धातूच्या नळीच्या तोंडावर रबरी नळी चढवून वरून पोलादी पट्टीचा क्लॅम्प आवळतात. रबराचे प्रसरण आणि आकुंचन पोलादाच्या दसपट किंवा त्याहूनही अधिक असते. पारा उतरला की क्लॅम्पचे कडे जेमतेम आकसते, पण त्याच्या आत दाबलेल्या रबराची जाडी त्या मानाने पुष्कळ कमी होते. रबर जुने असेल तर ते कडक झालेले असते आणि दाबलेल्या जागी कायमचे चेपलेले असते. फुगून फट भरून काढण्याचा त्याचा गुण संपलेला असतो. अशा वेळी पकड सैल होते आणि केसाहून बारीक वाट मोकळी होते. भट्टी सुरू झाली, गरम द्रव आला की रबर पुन्हा फुगते आणि वाट बंद!

तुम्ही म्हणाल, थंडीत हा द्रव दाटही होतो, मग गळती कमी व्हायला नको का? शंका योग्य आहे. पण बारीक नळीतून होणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट होतो. म्हणून फट जराशी मोठी झाली की द्रवाचा दाटपणा तिला पुरा पडत नाही. त्यात ग्लायकॉलच्या मिश्रणाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो. ते पृष्ठभागावर चटकन पसरते आणि पाणी जिथे अडून राहील अशा फटीतही शिरते. पंप बंद असला तरी टाकी सव्वा मीटर उंचावर असल्याने खालच्या सांध्यावर सुमारे ०.१२ बार दाब असतोच. तेवढा पुरतो.

निम्म्या-निम्म्याने शोध

"केव्हा" हे कळले. आता "कुठे" हे शोधायचे. संशयित सांधे होते सोळा आणि बरेचसे कपाटांच्या मागे दडलेले. एका रात्री एक सांधा तपासायचा म्हटले तर पंधरा रात्री लागू शकतात. पण दर वेळी निम्मे सांधे बाद करता आले तर? सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन आणि दोनाचा एक. चार रात्रींत काम फत्ते!

गाडीत अभिसरण तोडण्यासाठी काही झडपा होत्या. पहिल्या रात्री त्याने मागचा भाग झडपांनी तोडला. सकाळी टाकीतली पातळी उतरली नव्हती, म्हणजे चोर मागच्या भागात. दुसऱ्या रात्री त्या भागाचे दोन तुकडे केले. आता चार सांधे उरले, पण पुढे झडपा नव्हत्या.

मग त्याने द्रवात अशा कामासाठी मिळणारा प्रतिदीप्त रंग मिसळला. हा रंग अदृश्य अतिनील प्रकाश शोषून घेतो आणि हिरवट-पिवळा दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. पंप चालवून रंग सगळीकडे फिरवला, भट्टी बंद केली आणि गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवली. पहाटे, पारा शून्याखाली २० असताना, तो अतिनील विजेरी घेऊन गाडीच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात शिरला. एका सांध्याच्या कडेला हिरवी रेघ चमकत होती. तिथून ती उताराच्या नळीच्या पोटाखालून हातभर पुढे गेली होती आणि नळीला आधार देणाऱ्या कडीपाशी थेंब जमला होता. थेंबाखालचा सांधा कोरडा ठणठणीत होता. कौलांचीच गोष्ट!

उपाय साधा होता. नळीचे कडक झालेले टोक कापून टाकले आणि आवळायच्या क्लॅम्पऐवजी स्प्रिंगच्या पोलादाचा क्लॅम्प बसवला. रबर आकसले की हा क्लॅम्पही आपोआप आत सरकतो आणि पकड कायम ठेवतो. जुना क्लॅम्प आणखी आवळून चालले नसते का? काही काळ चालले असते, पण पट्टी रबरात रुतून नळी कापली जाण्याचा धोका होता. खर्च आला तो बदललेल्या पंपाच्या मानाने नगण्य. हिवाळा संपेपर्यंत पातळी जागची हलली नाही.

पातळी वाढली तर?

जाता जाता एक कोडे. अशा यंत्रणेत गळती असूनही टाकीतली पातळी कधी वाढू शकेल का?

शकेल! उष्णता-विनिमयकातील धातूच्या भिंतीला बारीक छिद्र पडले असे समजा. एका बाजूला तापनाचा द्रव, त्याचा दाब वातावरणापेक्षा जेमतेम जास्त. दुसऱ्या बाजूला नळाचे पाणी, त्याच्यावर पंपाचा दोन-तीन बार दाब. द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार. म्हणून नळाचे पाणी तापनाच्या द्रवात घुसेल आणि टाकी उतू जाईल. पण नळाचा पंप बंद करून तोटी उघडी ठेवली तर प्रवाह उलटून ग्लायकॉल आंघोळीच्या पाण्यात उतरू शकते. म्हणूनच अशा यंत्रणेत विषारी एथिलिनऐवजी प्रॉपिलिन ग्लायकॉल वापरण्याचा आग्रह धरतात.

आणखी एक सावधगिरी. गळती न शोधता नुसते पाणी ओतत राहणे सोपे वाटते. पण २० लिटर मिश्रणातून ४ लिटर गळले आणि तितकेच पाणी भरले तर ग्लायकॉलचे प्रमाण ५० वरून ४० टक्क्यांवर येते. गोठणबिंदू शून्याखाली ३३ वरून सुमारे २१ अंशांवर चढतो. कॅलगरीच्या एखाद्या रात्री तेवढ्यानेच नळ्या फुटतील. हे प्रमाण तपासायला मेकॅनिक एका थेंबाचा वक्रीभवनांक मोजतात. पाण्याचा १.३३, शुद्ध प्रॉपिलिन ग्लायकॉलचा सुमारे १.४३, मिश्रणाचा त्यांच्या दरम्यान.

आणि ज्या गाडीत दाबाचे झाकण असते ते गरम असताना उघडू नये. कुकरप्रमाणे तिथेही जादा दाबामुळे द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेला नसतो. झाकण उघडताच दाब उतरतो आणि द्रव एकदम उसळून अंगावर येतो.

मित्रांनो, दोन्ही गॅरेजांतली माणसे अडाणी नव्हती. त्यांच्याजवळ उपकरणे होती, हातात कसब होते. त्यांनी "कुठे?" हा प्रश्न आधी विचारला, एवढेच. निसर्गातली कोणतीही घटना विशिष्ट तापमानाला, विशिष्ट दाबाला, विशिष्ट वेळी घडते. ती परिस्थिती पुन्हा उभी केल्याखेरीज ती दिसत नाही. आधी "केव्हा?", मग "कुठे?" हा क्रम गाडीच्या गळतीला लागू आहे, तसाच मधूनच बंद पडणाऱ्या पंख्याला आणि ठराविक वेळीच येणाऱ्या तापालाही.

करून पाहा

१. काचेची लहान बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरा. बुचातून बॉलपेनची रिकामी, स्वच्छ रिफिल घट्ट बसवा. बाटली कोमट पाण्यात ठेवून रिफिलमधील पातळी पाहा. पहिल्या क्षणी ती किंचित खाली उतरते का? का बरे?

२. एक तार तिरपी धरून तिच्या वरच्या टोकाशी पाण्याचे थेंब सोडा. ते कुठे गळतात ते पाहा. मग तारेला मध्येच दोऱ्याची गाठ बांधून पुन्हा पाहा.

३. घरातला एखादा नळ मिनिटाला किती थेंब गळतो ते मोजा. महिन्याला किती लिटर पाणी वाया जाते याचा हिशेब करा आणि वहीत लिहून घरच्या मोठ्या माणसांना दाखवा.